घरचा कॉम्प्युटर का रखडतो?
(अंजूर येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या खेपेला सातबारा कसा वाचावा ते आपण पाहिले. उठता उठता तुमच्यापैकी चार-पाच जणांनी एकच गाऱ्हाणे मांडले. "घरात कॉम्प्युटर आहे, पण तो चालू होईपर्यंत चहा उकळून थंड होतो. आणि कामाच्या ऐन मध्यावर बंद पडतो. काय करावं?" म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

कॉम्प्युटर ही आता चैनीची वस्तू राहिली नाही. आपल्या राज्यात २००१ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला. गावोगावची मुले तो शिकली आणि त्यांच्यामागोमाग यंत्रही घरात आले. कोणी नवे घेतले, कोणी एखाद्या कचेरीने काढून टाकलेले स्वस्तात आणले. आज त्यात मुलांचा अभ्यास आहे. गुणपत्रके आहेत. सातबारा आहे, जमिनीच्या मोबदल्याचे कागद आहेत, लेकीच्या लग्नाचे फोटो आहेत.

असे यंत्र बिघडले की दोन नुकसाने होतात. दुकानदार म्हणतो, "हा पूर्ण गेला, नवा घ्या." आपल्याला त्यातले काही कळत नाही, म्हणून आपण मान डोलावतो. हे एक नुकसान. पैसे पुन्हा मिळवता येतील. पण आतले कागद आणि फोटो गेले तर? लग्न काही पुन्हा लागत नाही.

आम्ही तुम्हांला मिस्त्री करायला आलेलो नाही. पण ताप आला की तो केव्हा चढतो, केव्हा उतरतो, हे घरच्यांनाच ठाऊक असते. डॉक्टर तेच विचारतो. यंत्राचेही तसेच आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. "हळू चालतो" ही एक तक्रार आहे. "बंद पडतो" ही दुसरी. दोन्हींचे कारण कधी एकच असते, कधी वेगवेगळे. दोन्ही एकत्र करून सांगितल्या तर मिस्त्रीही गोंधळतो.

आता यंत्राच्या पोटात काय असते ते पाहू. टेबलाखाली जो डबा असतो त्याला सगळे सीपीयू म्हणतात. खरे म्हणजे सीपीयू, म्हणजेच प्रोसेसर, ही आतली एक लहानशी चकती आहे. काड्यापेटीएवढीसुद्धा जाडी नाही तिची. पण सगळे काम तीच करते. तिच्या जोडीला मेमरी असते आणि डिस्क असते. ही तीन नावे पाठ करा. आज एवढे पुरे.

तुमच्या आसपास गोदामांना काय तोटा? तेव्हा गोदामाचेच उदाहरण घेऊ. डिस्क म्हणजे गोदाम. सगळा माल तिथे साठवलेला असतो. लाइट गेली तरी तो जागच्या जागी राहतो. मेमरी म्हणजे गोदामापुढचा ओटा. ज्या मालाचे आत्ता काम आहे तेवढाच ओट्यावर काढतात. लाइट गेली की ओटा रिकामा होतो. आणि प्रोसेसर म्हणजे ओट्यावरचा हमाल. हमाल कितीही दांडगा असू द्या, ओटा लहान असेल तर एक गोणी आत ठेवून मग दुसरी बाहेर काढावी लागते. सगळा दिवस येरझाऱ्यांत जातो. "कॉम्प्युटर हळू चालतो" याचा पुष्कळदा हाच अर्थ असतो. हमाल दमलेला नसतो, ओटा अपुरा असतो, नाहीतर गोदामाचे दार अरुंद झालेले असते.

उष्णता ही तर या यंत्रांची जुनी वैरीण. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच माणसांनी एक मोठा कॉम्प्युटर बांधला. १९६० साली तो पुरा होऊन कामाला लागला. १९६२ साली त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० काचेचे व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओत असत तसले. प्रत्येक व्हॉल्व्ह दिव्यासारखा तापणारा! आज व्हॉल्व्ह गेले, यंत्र मांडीवर मावू लागले, पण तापणे काही गेले नाही. प्रोसेसर फार तापला, म्हणजे शंभर अंशांच्या आसपास पोहोचला, की बहुतेक यंत्रे आधी आपला वेग आपणच कमी करतात. तेवढ्यानेही भागले नाही तर जळून जाऊ नये म्हणून बंद पडतात. पाहा, इथे "हळू" आणि "बंद" दोन्हींचे मूळ एकच निघाले.

पण तुमच्या घरच्या यंत्राचे मूळ तेच आहे हे कसे ओळखायचे? त्याला एकच उपाय. लिहून ठेवायचे.

भिवंडीजवळ एका घरी आम्हांला बोलावणे आले होते. घरातल्या मावशी वर्षभरापूर्वीच अक्षरे शिकलेल्या. यंत्र हळू चाले आणि मध्येच बंद पडे. एका दुकानदाराने नवे घ्या असे सांगून टाकले होते. मुलगा पैसे उसने काढायच्या बेतात होता. आम्ही विचारले, "केव्हा बंद पडतो?" मुलगा म्हणाला, "केव्हाही पडतो." सून म्हणाली, "रोज पडतो." मावशी काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणली. आपण जशी दुधाची लिटरे त्या चौकोनांत मांडतो, तशी त्यांनी दुधाच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत नोंद केली होती. "दु. ३ बंद." "दु. २॥ बंद." "पाऊस, बंद नाही." "दु. ३ बंद, पुन्हा ४ बंद." आणि अधूनमधून, "सकाळी हळू." महिना मे-जूनचा.

आम्ही ते वाचले आणि अर्धे काम तिथेच झाले. रात्री एकदाही बंद नाही. सकाळी नाही. पाऊस पडला त्या दिवशी नाही. म्हणजे "केव्हाही" नव्हे, उन्हाच्या वेळी! खोलीवर पत्रा. डबा लाकडी कपाटात ठेवलेला, त्यावर धूळ बसू नये म्हणून जाड विणलेले झाकण. शेजारी यंत्रमागाचा कारखाना. डबा उघडला तर प्रोसेसरवरच्या पंख्यात आणि त्याखालच्या जाळीत सुताच्या तंतूंची गादीच बसलेली. वारा जायला वाटच नव्हती. ती साफ केली, डबा कपाटाबाहेर काढला, झाकण फक्त यंत्र बंद असतानाच घालायचे ठरवले. दुपारचे बंद पडणे थांबले.

पण सकाळचे "हळू" राहिलेच. सकाळी तर खोली थंड असते. म्हणजे ते दुखणे निराळे होते. ते कोणते, ते पुढे सांगतो.

मुलगा शिकलेला होता, सून शिकलेली होती. पण नोंद होती ती मावशींची. हे आम्ही कोणाला टोचायला सांगत नाही. सांगायचे ते इतकेच, की डोक्यातली आठवण "रोज" आणि "केव्हाही" असे ठोकळ बोलते. कागद तसे बोलत नाही. तुमच्याच गावचे गंगाजी नाईक पाहा. वसईच्या मोहिमेला १७३७ साली तोंड लागले आणि १७३९ साली वसई हाती आली. पण साष्टी-वसईकडची बातमी नाईक मंडळी त्याच्या कितीतरी आधीपासून गोळा करीत होती.

नोंदीत काय लिहावे? तारीख आणि वेळ. त्या वेळी काय चालले होते, म्हणजे व्हिडिओ, खेळ, टायपिंग की नुसतेच चालू होते. घरात त्याच वेळी दुसरे काय सुरू झाले. आणि पडद्यावर काही उमटले का. कधी कधी सगळा पडदा निळा होतो आणि त्यावर इंग्रजी अक्षरे येतात. ती वाचता आली नाहीत तरी बिघडत नाही. मोबाइलने फोटो काढा. मिस्त्रीला ती अक्षरे फार उपयोगी पडतात.

"घरात दुसरे काय सुरू झाले" हे आम्ही मुद्दाम म्हटले. एका घरात संध्याकाळी पाण्याची मोटर लावली की कॉम्प्युटर दचकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. मोटर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढते, व्होल्टेज क्षणभर खाली येते. दिवा नुसता मंद होतो, पण कॉम्प्युटरला तेवढे सोसत नाही. अशा वेळी निळा पडदा नाही, अक्षरे नाहीत, एकदम काळोख. कॉम्प्युटरचा प्लग मोटरच्या लाइनीवरून काढून वेगळ्या लाइनीवर द्यावा, चांगला यूपीएस लावावा, आणि वायरमनकडून घरचे अर्थिंग तपासून घ्यावे. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंगचे काम आजच करा, उद्यावर टाकू नका. हे सगळे करूनही तसेच होत राहिले तर डब्यातली वीज देणारी पेटी, म्हणजे पॉवर सप्लाय, कमजोर झाली असे समजावे. ती बदलता येते. पण ती पेटी घरी कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात काही वेळ वीज साठून राहते, आणि तो झटका जिवावर बेतू शकतो.

बाकीचा डबा मात्र घरी साफ करता येतो. यंत्र बंद करा. प्लग भिंतीतून काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. थोडा वेळ थांबा, उघड्या लोखंडाला हात लावा, मग मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. झाडताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. ओले फडके नको. फुंकरही नको, तोंडातली वाफ आत जाते. खाडीच्या दमट हवेत तिची भर कशाला? पत्र्याची खोली आणि शेजारी माग असेल तर दोन-तीन महिन्यांनी हे करावेच. लॅपटॉप मात्र उघडू नका. तो गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, खालची हवा कोंडते. त्याची बॅटरी फुगून कवच वर आलेले दिसले तर त्याच क्षणी वापर थांबवा. ती टोचू नका, दाबू नका, चार्जही करू नका.

आता त्या सकाळच्या "हळू"कडे वळू.

कीबोर्डावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. घरातले मूल ही खिडकी सहज दाखवील. तिच्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती गुंतली आहेत ते शेकड्याने लिहिलेले असते. यंत्र रखडत असेल त्याच वेळी हे आकडे पाहायचे, एरवी नव्हे. मेमरी नव्वदीच्या पुढे असेल तर ओटा भरला. ब्राउझरमध्ये वीस-वीस पाने उघडी असतील तर ती मिटा. यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारे कार्यक्रम स्टार्टअप या सदरात दिसतात. नको असलेले तिथे बंद करता येतात. कित्येक घरांत दोन-दोन अँटीव्हायरस घातलेले आम्ही पाहिले आहेत. दोन पहारेकरी एकमेकांनाच चोर समजतात आणि दिवसभर झडती घेत बसतात. एकच ठेवा. एवढे करूनही रोज ओटा भरत असेल तर मेमरीची एक पट्टी वाढवून घ्यावी. तो खर्च नव्या यंत्राच्या मानाने किरकोळ असतो.

डिस्क शंभरावर जाऊन बराच वेळ तिथेच बसली, तर दुखणे गोदामाचे. आधी गोदाम गच्च भरले आहे का ते पाहा. भरले असेल तर जुने व्हिडिओ आणि डाउनलोड काढून जागा करा. मात्र विंडोज नावाच्या कप्प्याला हात लावू नका, घराचा खांब आहे तो. जागा असूनही शंभरच दाखवीत असेल, तर डिस्क म्हातारी झाली असण्याचा संभव. जुन्या तऱ्हेच्या डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असते. वर्षानुवर्षे फिरून ती झिजते. कान लावा. "टक, टक" असा आवाज येत असेल तर पुढचे सगळे बाजूला ठेवा.

आधी कागद वाचवा. पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कागद आणि फोटो उतरवून घ्या. सगळ्यांत मोलाचे पहिल्यांदा, सिनेमे शेवटी. एक प्रत घरात ठेवा, दुसरी बहिणीच्या किंवा लेकीच्या घरी. सातबारा सरकारच्या संकेतस्थळावरून पुन्हा मिळेल, पण फोटो कुठून आणाल? मरू घातलेली डिस्क आणखी किती तास चालेल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून ती दुरुस्त करण्याच्या खटाटोपात तास घालवू नयेत.

मावशींच्या घरी नेमके हेच निघाले. आम्ही आधी कागद उतरवले, मग जुनी डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवून घेतली. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तबकडी नाही, सुई नाही. म्हणून माल चटकन हाती येतो. चहाला आधण ठेवायच्या आत यंत्र सुरू होऊ लागले. प्रोसेसर तोच, डबा तोच, पडदा तोच.

मेमरीची पट्टी बिघडली तर लक्षण आणखी निराळे. निळा पडदा येतो, पण त्याला काळवेळ नसतो, आणि दर वेळी अक्षरे वेगळी. विंडोजमध्येच मेमरी तपासायची सोय आहे. दोन पट्ट्या असतील तर मिस्त्री एक काढून यंत्र चालवतो, मग दुसरी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यातला नेम. मागाचा जॉबर धागा तुटू लागला की सगळा माग खोलून बसत नाही. एक ठिकाण बघतो, माग चालवतो, मग पुढे सरकतो. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र बरे झाले, तर कशाने बरे झाले ते कधीच कळत नाही. पैसे मात्र चारही गोष्टींचे जातात.

काही किरकोळ गोष्टी राहिल्या. दर वेळी तारीख-वेळ चुकीची दिसत असेल आणि बँकेची किंवा सरकारी पाने उघडत नसतील, तर आतला बटणासारखा लहान सेल संपला असेल. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. आठवड्यातून एकदा यंत्र नुसते बंद-चालू न करता रीस्टार्ट करावे. नव्या विंडोजमध्ये नुसते बंद केल्याने आतला पसारा पुरता आवरला जात नाही. ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांच्यासाठी १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीच्या मोफत सुधारणा थांबल्या आहेत. यंत्र चालते, पण दाराची कडी जुनी झाली. त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, आणि विंडोज ११ चढते का ते विचारून घ्यावे. सगळ्याच जुन्या यंत्रांवर ते चढत नाही. अशा वेळी नवे घ्या म्हणणारा दुकानदार खरेही बोलत असतो, हेही सांगून ठेवतो.

आणि एका फोनची गोष्ट. "आम्ही कॉम्प्युटर कंपनीतून बोलतो, तुमच्या यंत्रात व्हायरस शिरला आहे, आम्ही इथूनच काढून देतो." असा फोन आला की खाली ठेवा. कोणतीही कंपनी घरोघर फोन करून व्हायरस काढीत नाही. पडद्यावर मोठ्या लाल अक्षरांत "या नंबरवर फोन करा" असे आले तरी करू नका. तो सांगेल ते ॲप घातले की तुमचा पडदा त्याच्या हाती गेला, आणि पडद्यामागून बँकेचे खातेही. फसवणूक झालीच तर लाज धरून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या नंबरवर कळवा. जितका उशीर कराल तितके पैसे परत मिळणे अवघड.

मिस्त्रीकडे जाताना नोंदीचा कागद बरोबर न्या. "बिघडला आहे, बघा" असे म्हणू नका. "दुपारीच बंद पडतो, सकाळी पडत नाही, सकाळी डिस्क शंभरावर असते," असे सांगा. सांगण्याची रीत पाहून चांगला मिस्त्री खूश होतो आणि वाईट मिस्त्री जपून बोलतो. फॉरमॅट करतो असे तो म्हणाला तर त्याचा अर्थ समजून घ्या. सगळे गोदाम पुसून टाकणार असा तो अर्थ. "आधी कागद उतरवले का?" हे त्याला तोंडावर विचारा. काय बदलले ते पावतीवर लिहून घ्या, आणि काढलेला जुना भाग परत मागा. जुन्या डिस्कमध्ये तुमचेच कागद असतात, ती दुसऱ्याच्या दुकानात कशाला राहू द्यायची?

ज्यांच्या घरचे यंत्र रखडते आहे त्यांनी आज रात्रीपासून दिनदर्शिकेवर नोंद सुरू करावी. पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा येणार आहोत. तेव्हा त्या दिनदर्शिका इथे घेऊन या, आपण सगळे मिळून वाचू. दुधाचा हिशेब आम्ही वाचणार नाही, त्याची काळजी नको.